तुटक सायकल-मार्ग : बेटें आणि पूल



आपल्या शहरांतून सायकलींसाठीं म्हणून राखलेले मार्ग गेल्या वीस वर्षांत ठिकठिकाणीं झाले. कोठें मोठ्या रस्त्याच्या कडेला तांबड्या फरशीचा पट्टा, कोठें ओढ्याच्या कांठानें गेलेली वाट, कोठें बागेला वळसा घालणारा अर्ध्या मैलाचा तुकडा. एकेकटा पाहिला तर त्यांतला कांहीं भाग खरोखर चांगला आहे. परंतु या सर्वांचा एक समान स्वभाव असा, कीं ते कोठून तरी अकस्मात् सुरू होतात आणि कोठें तरी अकस्मात् संपतात. आणि ज्या जागीं ते संपतात ती जागा बहुधा सायकलस्वाराच्या दृष्टीनें सर्वांत अवघड असते. मोठा चौक, पुलाचें तोंड, रेल्वेची ओलांडणी, येथवर पट्टा आपल्याला आणून सोडतो. जेथें सोबतीची खरी गरज, नेमका तेथेंच सोबती हात सोडून देतो.

आज मी जें सांगणार आहें तें नवे मार्ग बांधण्याविषयीं नाहीं. तें काम नगरपालिकांचें आहे आणि त्याला वर्षें लागतात. आज जे तुकडे आहेत ते साध्या रस्त्यांनीं, गल्लीबोळांनीं एकमेकांना जोडून घरापासून शाळेपर्यंत किंवा कचेरीपर्यंत एक सलग वाट कशी शोधून काढावी, एवढाच माझा विषय आहे. हा प्रश्न धाडसी मनुष्याचा नव्हे. तो कोठूनही जातो. प्रश्न आहे तो तेरा वर्षांच्या मुलीचा, साठी उलटलेल्या गृहस्थांचा, चाळिशींत पुन्हां सायकल हातीं घेतलेल्या गृहिणीचा. मुलीनें सायकलीवरून शिकवणीला जातें म्हटलें कीं आईबाप 'नको' म्हणतात. त्यांच्या मनांतलें भय नीट विचारून पाहिलें तर तें सगळ्या वाटेचें नसतें. वाटेवरील एखाद्या चौकाचें असतें. त्या एका चौकापायीं मुलीचें स्वतः हिंडणें-फिरणें थांबतें आणि घरांतल्या कोणा तरी वडील माणसाचा रोजचा तासभर वेळ तिला पोंचवण्यांत जातो. म्हणून या विषयांत शिरण्याची खरी वाट रस्त्यांपासून सुरू होत नाहीं. ती ओलांडण्यांपासून सुरू होते.

ही गोष्ट फार पूर्वीं एका गणितज्ञानें दाखवून दिली आहे, जरी त्याच्या वेळीं सायकल नव्हती. अठराव्या शतकांत बाल्टिक समुद्रालगत कोनिग्सबर्ग नांवाचें शहर होतें. आज तें रशियांत असून त्याला कालिनिनग्राद म्हणतात. प्रेगेल नदीच्या फांट्यांनीं त्या शहराचे चार भाग पाडले होते आणि सात पुलांनीं ते जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदांच ओलांडून सगळ्या शहराचा फेरा पुरा करतां येईल काय, असें एक कोडें तेथें प्रचलित होतें. लेओनार्ड ऑयलर यानें १७३६ च्या आपल्या निबंधांत असा फेरा अशक्य आहे हें सिद्ध केलें. पण आपल्याला त्याच्या उत्तरापेक्षां त्याची रीत अधिक उपयोगाची आहे. त्यानें शहरांतले रस्ते, बाजार, अंतरें हें सारें बाजूला सारलें. चार भूभाग म्हणजे चार ठिपके आणि सात पूल म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सात रेषा, एवढेंच त्यानें कागदावर ठेवलें. एका भूभागाच्या आंत तुम्ही कसेही फिरा, त्यानें कांहीं बिघडत नाहीं; सगळें ठरतें तें पुलांवर.

सायकलीवर बसून आपल्या शहराकडे पाहा म्हणजे तेंही असेंच दिसूं लागेल. वस्तीच्या आंतले रस्ते शांत असतात. तेथें मुलें संध्याकाळीं खेळतातसुद्धां. अशी एक शांत वस्ती म्हणजे एक बेट. तिच्या भोंवतीं वाहनांचा सहापदरी ओघ, नदी, रेल्वेचे रूळ, लष्कराची भिंत किंवा टेंकडी. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावयाचें तर पूल पाहिजे. मग तो दगडी असो, कीं चौकांतला तांबडा-हिरवा दिवा असो.

ही केवळ उपमा नव्हे. कॅलिफोर्नियांतील सान होसे हें शहर मुला-नातवंडांच्या निमित्तानें आपल्यापैकीं अनेकांच्या परिचयाचें झालें आहे. सिलिकॉन खोऱ्यांतलें तें सर्वांत मोठें शहर. ग्वादालूपे नदी, लॉस गॅटोस ओढा आणि कायोटी ओढा यांच्या कांठांनीं तेथें पायीं व सायकलीनें जाण्याच्या लांबच लांब वाटा आहेत, पण त्या तुकड्या-तुकड्यांनीं झाल्या. २०१२ सालीं मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तीन अभ्यासकांनीं त्या शहराचा एक एक रस्ता घेऊन, त्यावर सायकलस्वाराच्या मनाला किती ताण पडेल हें ठरवलें. त्यांनीं चार पायऱ्या मानल्या. पहिली मुलांना झेपेल अशी. दुसरी सामान्य प्रौढ माणसास सोसेल अशी. तिसरी, सायकलीची आवड आणि संवय असलेल्यांची. आणि चौथी केवळ बेडर लोकांची. रस्त्याचे पदर किती, वाहनांचा वेग किती, सायकलीला वेगळी जागा किती रुंद, कडेला मोटारी उभ्या असतात कीं काय, यांवरून पायरी ठरे. पुढें त्यांनीं जो नियम लावला तो मला फार मार्मिक वाटतो. संपूर्ण वाटेची पायरी काढतांना सरासरी घ्यावयाची नाहीं. वाटेंतला जो सर्वांत वाईट भाग त्याची पायरी तीच सगळ्या वाटेची पायरी. रांजणाला तळाशीं भोंक असलें तर वरचा रांजण कितीही पक्का असून काय उपयोग?

या नियमानें पाहतां निष्कर्ष विलक्षण निघाला. शहरांतले बहुतेक रस्ते आंतले, शांत, पहिल्या पायरीचे. तरीही सहा मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारें दहा किलोमीटरपर्यंतच्या, घर ते कामाची जागा अशा प्रवासांपैकीं अवघे ४.७ टक्के प्रवास सामान्य माणसास सोसेल अशा वाटेनें पुरे करतां येत होते. बाकी सगळे कोठें ना कोठें तरी एखाद्या दांडग्या रस्त्यावर येऊन अडत. चांगले रस्ते होते. ते एकमेकांना मिळत नव्हते. अभ्यासकांनीं निवडक ठिकाणच्या सुधारणांची एक बेताची यादी केली आणि पुन्हां गणित मांडलें, तेव्हां तो आंकडा १२.७ वर गेला. थोड्याशा जोडण्यांनीं जवळजवळ तिप्पट.

आतां ही दृष्टि घेऊन आपल्या गांवीं येऊं. पुण्याचें उदाहरण घेतों, कारण पुण्याइतकें सायकलींचें नांव दुसऱ्या कोणत्या गांवानें मिळविलें नव्हतें, आणि नदीमुळें तेथील प्रश्न स्पष्ट दिसतो. कल्पना करा कीं कोथरुडच्या अंगाला राहणाऱ्या एका मुलीला सदाशिव पेठेंत गाण्याच्या शिकवणीला जावयाचें आहे. सामान्यतः आपण काय करतों? घरापासून निघतों, ओळखीचा मोठा रस्ता धरतों, आणि अडचण येईल तेव्हां पाहूं म्हणतों. ही रीत उलटी आहे. घर आणि शिकवणी या दोन्ही जागा तूर्त विसरा. आधीं नदी पाहा. मुठा ओलांडण्याच्या जागा मोजक्या : राजाराम पूल, म्हात्रे पूल, एस. एम. जोशी पूल, लकडी पूल, झेड पूल, भिडे पूल आणि त्यांच्या खालचे आणखी कांहीं. त्यांतला म्हात्रे पूल रुंद आणि गजबजलेला. लकडी पुलावर सगळ्या पेठांची गर्दी एकवटते. झेड पूल दुचाक्यांपुरताच असल्यामुळें त्यावर मोठ्या वाहनांचें भय नाहीं, पण चढ आहे आणि फटफट्यांचा जथा असतो. भिडे पूल सखल. खडकवासल्याहून पाणी सोडलें कीं तो पाण्याखालीं जातो. म्हणजे तो वर्षाचे आठ महिने पूल आणि पावसाळ्यांत केव्हांही नदी! जिला रोज जावयाचें आहे तिच्यासाठीं तो एकटा पुरणार नाहीं. त्याला पावसाळ्यापुरता जोडीदार शोधून ठेवला पाहिजे.

यांतला एक पूल, आणि पावसाळ्यासाठीं दुसरा, असे प्रत्यक्ष जाऊन पाहून निवडा. हें ठरलें म्हणजे मग पुलाच्या दोन्ही तोंडांपासून उलट दिशांनीं चालावयाचें : एकीकडे घराकडे, एकीकडे शिकवणीकडे. घराकडच्या अंगाला पुढची नदी म्हणजे कर्वे रस्ता. तो कोठें ओलांडावा? नळ स्टॉपसारख्या ठिकाणीं नक्कीच नव्हे. तेथें चहूंकडून वळणारी वाहनें असतात. आंतल्या गल्लीचें तोंड आणि समोरच्या गल्लीचें तोंड जेथें समोरासमोर येतें, व दिव्याची सोय आहे, अशी जागा पाहावी. तशा जागेला मी सोन्याची ओलांडणी म्हणतों. सबंध रस्त्यावर अशा दोन-तीनच सांपडतात, आणि त्या सांपडल्या म्हणजे मधल्या वाटेचा प्रश्न जवळजवळ सुटतोच, कारण एरंडवणें काय, प्रभात रस्त्याच्या गल्ल्या काय, बेटाच्या आंतली वाट कशीही गेली तरी चालते.

परंतु आपल्या शहरांतल्या गल्ल्या पुष्कळदां समोरासमोर येत नाहींत. पन्नास-साठ पावलें सरकलेल्या असतात. येथें एक बारकी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. समजा, आपण गल्लींतून मोठ्या रस्त्यावर आलों आणि समोरची गल्ली आपल्या डाव्या हाताला सरकलेली आहे. म्हणजे डावीकडे वळून वाहनांबरोबर पन्नास पावलें जावयाचें आणि मग पाठीमागून येणारी वाहनें चुकवीत रस्त्याच्या मध्यावर येऊन उजवीकडे वळावयाचें. ही फार वाईट ओलांडणी. उलट समोरची गल्ली उजव्या हाताला असेल, तर आपल्या गल्लीच्या तोंडाशीं निवांत थांबावें, दोन्हीकडे पाहून एकदांच पलीकडे जावें, पलीकडच्या कडेनें पन्नास पावलें जावें आणि डावीकडे गल्लींत शिरावें. मौज अशी कीं परत येतांनाही हीच स्थिति असते. पहिल्या प्रकारची जागा दोन्ही वेळां वाईट आणि दुसऱ्या प्रकारची दोन्ही वेळां बरी. मध्यें दुभाजक असेल तर अर्थात् त्यांत सायकल जाण्याइतकी फट पाहिजे. नकाशावर हा फरक केसाएवढा दिसतो. रस्त्यावर तोच मुख्य ठरतो.

जोडवाटा शोधण्याच्या कांहीं ठराविक जागा आहेत. पहिली, मोठ्या रस्त्याच्या एक गल्ली आंत त्याला समांतर गेलेला रस्ता. जुना हमरस्ता असेल तर असा भाऊ त्याला बहुधा असतोच. दुसरी जागा म्हणजे पाण्याची व आगगाडीची जुनी वाट. कालवा समपातळीच्या रेषेला धरून अगदीं मंद उतारानें चालतो, आगगाडीला चढ झेपत नाहीं. म्हणून या दोहोंच्या कांठची किंवा त्यांच्या जागेवरची वाट सायकलीला सुखाची असते. पुण्यांत प्रभात रस्त्याच्या मागच्या अंगाला कॅनॉल रस्ता आहे. त्याचें नांवच त्याच्या सपाटीचें कारण सांगतें. शिवाय कालवा आणि रूळ शहराच्या घडीव चौकटीला जुमानीत नाहींत, तिरपे जातात, त्यामुळें अंतरही वांचतें.

या प्रकाराचा उत्तम नमुना अमेरिकेंतल्या मिनिॲपोलिस शहरीं आहे. तेथें १९१२ ते १९१६ या काळांत एका रेल्वे कंपनीनें रस्त्यांवरील फाटकें टाळण्यासाठीं आपला लोहमार्ग खोल खंदकांतून नेला आणि वरून रस्त्यांचे पूल टाकले. पुढें गाड्या बंद पडल्या, आणि २००० ते २००६ या वर्षांत त्याच खंदकांतून टप्प्याटप्प्यानें सुमारें नऊ किलोमीटरचा सायकल-मार्ग झाला. त्याचें नांव मिडटाउन ग्रीनवे. पश्चिमेकडील तळीं आणि पूर्वेकडील मिसिसिपी नदी या दोन्ही अंगांच्या जुन्या वाटा त्यानें जोडल्या. शहराच्या भर मध्यांतून जाऊनही बहुतेक लांबीवर एकही चौक आडवा येत नाहीं, कारण चौक सारे डोक्यावर आहेत! तरी पूर्वेकडे हायावाथा नांवाचा बहुपदरी रस्ता आणि त्याच्या शेजारचे विजेच्या गाडीचे रूळ आडवे होतेच. तेवढ्या एका जागेसाठीं २००७ सालीं सायकली व पादचारी यांच्यापुरता, लोखंडी दोरांनीं तोललेला मोठा पूल बांधावा लागला. २०१२ सालीं त्याच्या कांहीं दोरांचे आधार तुटल्यामुळें तो कांहीं महिने बंद होता, आणि तेवढ्या काळांत सायकलस्वारांना पुन्हां त्या रस्त्याच्या चौकांत उतरून जावें लागलें. मार्ग नऊ किलोमीटरांचा. त्याचें सारें मर्म कांहीं शें फुटांत.

याच मार्गावरून दुसराही एक धडा मिळतो, आणि नकाशा वाचणाऱ्या हुषार माणसांना तो विशेष जरूर आहे. नकाशावर दोन रेषा एकमेकींना छेदतात म्हणून त्या जागीं दोन वाटा मिळतात असें समजूं नये. एक खंदकांत आणि दुसरी पुलावर असेल तर त्यांची भेट होत नाहीं. खंदकांतून वर येण्याच्या उतरणी ठराविक रस्त्यांशींच असतात, आणि ती उतरण चुकली तर आपले घर डोक्यावर दिसत असूनही पुढल्या उतरणीपर्यंत जावें लागतें. सान होसेंत नदीकांठची वाट रस्त्यांच्या पुलांखालून जाते; तेथेंही हीच गोष्ट. वर आणखी तेथें हिवाळ्यांत पाऊस पडतो व पुलाखालचा भाग पाण्यानें भरून बंद होतो. फेब्रुवारी २०१७ मध्यें तर कायोटी ओढ्याच्या पुरानें हजारों लोकांना घरें सोडावीं लागलीं. आपल्याकडे उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग वाढत आहेत. तेव्हां नकाशावर जोडणी दिसली कीं लगेच विचारावें : वर कीं खालीं? जिना असेल तर सायकल उचलून न्यावी लागेल काय? मुलीला ती उचलतां येईल काय?

अशी सुरक्षित वाट थोडी लांब पडते हें उघड आहे. मग किती लांब चालेल? सान होसेच्या अभ्यासकांनीं अशी मर्यादा धरली कीं सरळ वाटेपेक्षां चौथ्या हिश्श्याहून अधिक लांबण लोक पत्करणार नाहींत. अगदीं जवळच्या प्रवासांत मात्र पांचएकशें मीटरपर्यंतचा फेरा चालेल. हा अंदाज मला व्यवहाराला धरून वाटतो. मूल तासाला बारा किलोमीटर या बेतानें जात असेल तर एका किलोमीटरला पांच मिनिटें लागतात. चार किलोमीटरची वाट पांचाची झाली म्हणजे वीस मिनिटांचीं पंचवीस झालीं. मोठ्या रस्त्यावरच्या दोन दिव्यांशीं दीड-दीड मिनिट थांबणें वांचलें तर त्यांतलीं तीन परत मिळालीं. पण दोन किलोमीटरच्या जागीं चार होऊं लागले तर तो द्राविडी प्राणायाम. पहिले आठ दिवस उत्साहानें होतो आणि नवव्या दिवशीं मूल आपोआप मोठ्या रस्त्यानें जाऊं लागतें. आईबापांना मात्र तें अजून गल्लींतूनच जात आहे असें वाटत राहतें. तशा वाटेपेक्षां थोडी कमी शांत पण खरोखर वापरली जाणारी वाट बरी.

'आतां हें सारें यंत्र सांगतें, मग एवढा खटाटोप कशाला?' असें कोणी म्हणेल. यंत्राचा उपयोग जरूर करावा, पण तें काय करतें हें समजून. वाट शोधण्याची जी रीत अशा यंत्रांच्या मुळाशीं आहे ती एड्सगर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञानें १९५६ सालीं काढली व १९५९ मध्यें प्रसिद्ध केली. ॲम्स्टरडॅम येथें एका नव्या गणकयंत्राचें प्रदर्शन करावयाचें होतें. लोकांना समजेल असें उदाहरण म्हणून रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट त्यानें घेतली. एका उपाहारगृहांत कॉफी घेतां घेतां वीसएक मिनिटांत ही रीत सुचली, असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. रीत अशी : निघण्याच्या जागेपासून ज्या ज्या ठिकाणीं पोंचतां येतें तेथवरचा खर्च मांडीत जावयाचा, सर्वांत कमी खर्चाचें ठिकाण आधीं पक्कें करावयाचें आणि तेथून पुढें सरकावयाचें. यांत 'खर्च' हा शब्द महत्त्वाचा. खर्च म्हणजे अंतर धरलें तर यंत्र जवळची वाट देईल. वेळ धरला तर लवकरची देईल. ताण धरला तर शांत वाट देईल. परंतु त्या चौकाचा ताण किती हें कोणी तरी आधीं नोंदवलेलें पाहिजे. २००४ मध्यें इंग्लंडांत सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा लोकांनीं मिळून केलेला नकाशा आहे. त्यांत हौशी माणसें अशा नोंदी करतात, आणि सायकलींच्या वाटा दाखवणारीं त्याचीं खास रूपेंही आहेत. जेथें नोंद करणारा कोणी नाहीं तेथें यंत्र आंधळें. वसाहतीचें फाटक रात्रीं दहाला बंद होतें, बोळाच्या तोंडाशीं भाजीवाले बसतात, त्या कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी असते, एवढें यंत्राला कोण सांगणार?

म्हणून यंत्राकडून दोन-तीन वाटा घ्याव्या, आपण काढलेल्या ओलांडण्यांशीं त्या ताडून पाहाव्या, आणि मग स्वतः जाऊन याव्या. प्रथम रविवारीं सकाळीं, वाट ओळखीची व्हावी म्हणून. पण तेवढ्यावर निर्णय देऊं नये. रविवारीं सकाळीं सगळेच रस्ते सज्जन असतात. ज्या वेळीं मूल प्रत्यक्ष जाणार त्याच वेळीं, कामाच्या दिवशीं, पुन्हां जावें. परतीची वाटही पाहावी. एकेरी रस्त्यांमुळें ती वेगळी असूं शकते, आणि परततांना अंधार झालेला असतो. जातांना मुलीला पुढें घालावें आणि आपण मागें राहावें. कोठें ती न सांगतां सायकलीवरून उतरते तें पाहावें. ती उतरते ती जागा म्हणजे आपल्या शोधांतली उरलेली नदी, मग आपल्याला ती कितीही सोपी वाटो.

वाट ठरली तरी ती लक्षांत ठेवणें हें निराळें काम आहे, कारण गल्लीबोळांच्या वाटेला वळणें फार. याचें एक सुंदर उत्तर बेल्जममधील लिम्बुर्ग प्रांतांत निघालें. तेथें पूर्वीं कोळशाच्या खाणी होत्या. ह्यूगो बोलेन नांवाच्या तेथील एका खाण-इंजिनिअरला, खाणीच्या भुयारांतले नाके जसे आंकड्यांनीं ओळखतात तसे वरचे सायकल-नाकेही ओळखावे, अशी कल्पना सुचली. १९९५ मध्यें ती अमलांत आली. जेथें दोन सायकल-वाटा मिळतात त्या नाक्याला एक आंकडा. पाटीवर तो आंकडा आणि शेजारच्या नाक्यांचे आंकडे बाणांसह. निघतांना कागदावर केवळ '१२, ४७, ४८, ६३' असें लिहून घेतलें म्हणजे झालें. पुढें ही पद्धत फ्लँडर्स आणि नेदरलंड्स या सबंध मुलखांत पसरली. यांतली कितीतरी लांबी साध्या खेड्यांच्या व शेतांच्या रस्त्यांचीच आहे. बांधकाम थोडें, निवड आणि पाट्या अधिक. आपल्या घरापुरता हाच प्रकार करतां येतो. दुकान, मारुतीचें देऊळ, दुधाची डेअरी, पिठाची गिरणी अशा खुणांची यादी मुलानें स्वतः करावी. रस्त्यांच्या अधिकृत नांवांपेक्षां ती अधिक टिकते.

एवढें करूनही एखादी ओलांडणी अशी निघते कीं तिला तोड नाहीं. मग ती लिहून काढून महानगरपालिकेकडे द्यावी. पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकल आराखडा मंजूर केला आहे. अशा आराखड्यांतल्या लांबच लांब आंकड्यांपेक्षां एका चौकाचें नेमकें मोजमाप अधिकाऱ्याला अधिक उपयोगी पडतें. 'सायकलस्वारांची गैरसोय होते' असें मोघम लिहूं नये. रस्ता किती रुंद आहे तें पावलांनीं मोजावें. पायीं चालणारा मनुष्य सेकंदाला सुमारें १.२ मीटर जातो असें रस्ते आंखणारे धरतात. म्हणजे चोवीस मीटरचा रस्ता ओलांडावयास वीस सेकंद पाहिजेत, आणि सायकल हातांत धरून चालणाऱ्या मुलाला त्याहूनही कांहीं अधिक. त्या चौकांत आडव्या रस्त्यासाठीं दिवा किती सेकंद हिरवा राहतो, हें सकाळीं शाळेच्या वेळेला घड्याळ लावून तीन-चार वेळां मोजावें, आणि दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं लिहून खालीं तारीख व वेळ घालावी.